जोंधळ्याचा खोडवा

"ह्या भातवाल्यांना जोंधळा काय कळायचा!" विहिरीच्या काठावर कळशी टेकवत मेंढपाळाची बायको आपल्या जावेला म्हणाली. "एकदा कापला की खालनं खोडवा फुटंल. गुडघ्याएवढा, हिरवागार. आन् देतील कोकरांच्या म्होरं. मग बसा रडत."

"मग सांग की त्यांना."

"सांगते की. निघताना सांगते. आत्ता ध्यानात आलं म्हणून बोलले."

दोघींनी कळशा डोक्यावर घेतल्या आणि बांधावरून निघून गेल्या. मी मोटरच्या खोपटामागे बसून चादर पिळत होते. त्यांनी मला पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी त्या थांबल्या नसत्या. या घरातली मुलगी बोलत नाही, हे त्यांना आल्या दिवशीच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा कळप पुढच्या गावाला निघाला. आमच्याकडे भात झोडून झालं की घाटावरचे मेंढपाळ माळशेज उतरून खाली येतात. चार-पाच रात्री एकाच्या शेतात मेंढ्या बसवतात, लेंडीखताच्या बदल्यात भात घेतात आणि पुढे सरकतात. सिद्धगडाच्या बाजूपासून थेट आटगावच्या पट्टीपर्यंत त्यांचा हिवाळा असा सरकत जातो. पाऊस यायच्या आत पुन्हा आमच्याच गावावरून, टोकावड्याच्या रस्त्याने घाट चढून ते घरी जातात. हेच कुटुंब आमच्या शेतात कितीतरी वर्षं येतं आहे.

त्या वर्षी निघताना त्यांनी सहा कोकरं आईकडे ठेवली. दोघांच्या आया मेल्या होत्या, बाकीची एवढी अशक्त होती की रोजच्या चालीत टिकली नसती. ठरलं ते असं: आईने ती जगवायची, मेंढपाळ परत येतील तेव्हा तीन त्यांची, तीन आईची. कागद नाही, साक्षीदार नाही. मेंढपाळाची बायको आईचा हात हातात घेऊन म्हणाली, "लेकरं ठेवून चाललेय, बाय." आणि आई म्हणाली, "मोजून ठेवतंस तशी मोजून देईन."

आमच्या घरात लग्न होऊन आल्यापासून आईने स्वतःच्या नावावर काही म्हणून केलं नव्हतं. शेत काकांचं आणि बाबांचं, गुरं काकांची, पगार बाहेरगावी नोकरी करणाऱ्या बाबांचा. ही सहा कोकरं पहिल्यांदा तिची होती. ती हे कुणाला म्हणाली नाही. पण त्या सकाळी तिने ओटीच्या कोपऱ्यातलं जळण काढून तिथे पेंढा पसरला आणि मला म्हणाली, "बघ गो, इथं ऊन येतं." त्या एका वाक्यावरून मला कळलं.

मी मात्र मेंढपाळाच्या बायकोच्या तोंडाकडे बघत चहाचा कप धरून उभी होते. ती आता सांगेल, मग सांगेल. तिने मिठाचं सांगितलं. दूध कोमट करून पाजायचं सांगितलं. कुत्र्याचं सांगितलं. जोंधळ्याचं गाठोडं तिने आदल्या दिवशीच आईला दिलं होतं. ते त्यांच्या भाकरीच्या धान्यातलंच होतं. "पेर विहिरीजवळ, दोन महिन्यांत कोकरं चाऱ्याला लागतील," असं म्हणाली होती. त्याची आठवण ती आता करून देणार, एवढ्यात त्यांच्या घोड्याने पाठीवरचं ओझं झटकलं, भांडी रस्त्यावर सांडली, वरच्या पिंजऱ्यातल्या कोंबड्या ओरडायला लागल्या, आणि त्या गडबडीत ते सगळे निघून गेले.

आता ते मलाच सांगायचं होतं. तेव्हा मला वाटलं, घाई कशाला? खोडवा फुटायला अजून तीन महिने आहेत.

मला बोलता येत नाही असं नाही. मुरबाडच्या ज्या इंग्रजी शाळेत मी शिकले, तिथे मराठी बोललं की बाकावर उभं करायचे. घरी आल्यावर माझ्या बोलण्यात इंग्रजी शब्द आला की सगळे हसायचे. ते प्रेमाने हसायचे, पण हसायचे. पहिलीत असताना मी भाताच्या रोपांना "बेबी राइस" म्हटलं होतं. ते आमच्या घरात अजून कुणी विसरलेलं नाही. काका मला मॅडम म्हणतात. दोन्हीकडे चुकण्यापेक्षा न बोललेलं बरं, असं कधी ठरवल्याचं आठवत नाही, पण ठरून गेलं. कॉलेज संपलं, नोकरीचे अर्ज पाठवत मी घरी होते आणि दिवसभरात माझे वीस-पंचवीस शब्द होत असतील.

त्या रात्री मी फोनवर शोधलं. जोंधळा म्हणजे ज्वारी, इंग्रजीत सॉर्घम, हे मला माहीत होतं, खोडव्याला काय म्हणतात हे शोधावं लागलं. कोवळ्या जोंधळ्यात, विशेषतः कापल्यावर फुटलेल्या आणि पाण्याला आसुसलेल्या फुटव्यात, विष तयार होतं. शेळ्या-मेंढ्यांनी तो पोटभर खाल्ला तर त्या थोड्या वेळात मरू शकतात. तोच जोंधळा निसवला, कणसावर आला, की ते विष कमी होतं आणि चारा उत्तम. मी ते सगळं दोनदा वाचलं. मग फोन उलटा ठेवला.

विहिरीजवळच्या खाचरात दरवर्षी वाल होतो. त्या वर्षी काकांनी अर्ध्यात मका आणि अर्ध्यात तो जोंधळा पेरला. काकांना मुळातच हे पटलेलं नव्हतं.

"वहिनी, माणसाचं धान्य मेंढरांना?"

"दाणा नाय घालायचा, भावजी. हिरवं कापून घालायचं."

"हिरवं कापायचं म्हंजे? कणीस यायच्या आधी?"

आमच्याकडे भात हे एकच पीक खरं. भात उभं असताना त्याला विळा लागतो तो दाणा भरल्यावरच. हिरवं पीक कापणं म्हणजे काकांच्या दृष्टीने जवळजवळ पाप होतं. गावातही हीच चर्चा. बांधावरून जाणारा जो तो थांबायचा. एक म्हातारे रोज विचारायचे, "कणसं कवा रं?" आणि काका मान खाली घालून म्हणायचे, "खायची नायत ती. मेंढरांची हायत." एकदा शेजारची बाई हसत म्हणाली, "आमाला पण बांधा की दाव्याला. चाऱ्यात मका भेटतोय!"

कोकरं मात्र वाढत होती. मला आधी कोकरू म्हणजे शाळेतल्या तक्त्यावरचं पांढरंशुभ्र, गुबगुबीत काहीतरी वाटायचं. ही काळपट तांबूस, लोंबत्या कानांची, गुडघे पुढे आलेली होती. आई दिवसातून चार वेळा त्यांना गाईचं दूध बाटलीने पाजायची, नंतर ते काम माझ्याकडे आलं. त्यांच्याशी मला बोलावं लागत नव्हतं. एक काळ्या कानाचं होतं, ते बाटली बघितली की माझ्या ओढणीचं टोक चघळायचं. मार्चच्या सुरुवातीला दाट झालेला मका विरळ करून कोवळी रोपं चिरून घातली, तर सहाही जणांनी माना खाली घालून खाल्ली. आई कोपऱ्यात उभी राहून नुसती बघत होती.

जोंधळ्याला काकांनी हात लावू दिला नाही. "निसवू दे. पोटात काय हाय ते बघू दे तरी." ते रोज संध्याकाळी खाचरात जाऊन एखादं ताट वाकवून शेंड्याच्या पोंग्यात कणीस दिसतं का ते बघायचे. आईची चिडचिड व्हायची. मला मात्र इतकं सुटल्यासारखं वाटत होतं की काय सांगू. काकांचा हट्टच कोकरांना वाचवत होता. मार्चच्या शेवटी कणसं बाहेर आली, ताटं काकांच्या डोक्याच्या वर गेली, मग त्यांनी "हं, आता काप" म्हणून परवानगी दिली. पुढचे चार आठवडे कोकरं जोंधळा खात होती. मी ओंडक्यावर कोयत्याने ताटं बारीक करायचे. त्यांची पोटं गोल झाली, पायांत जोर आला. लंगडणारं एक होतं, ते पण बांध ओलांडून उड्या मारायला लागलं. मला वाटलं, झालं, आता ते वाक्य सांगायची गरजच पडणार नाही.

पण कापलेल्या जागी खोडवा फुटत होता.

मे महिन्यात विहीर तळाला गेली. मोटर रोज अर्धा तासच चालायची आणि ते पाणी घराला लागायचं. मका संपला, कापून ठेवलेली ताटंही संपली. भाताचा पेंढा कोकरं हुंगून सोडून द्यायची. आजूबाजूला सगळं पिवळं आणि तपकिरी, आणि त्यात विहिरीजवळचं ते अर्धं खाचर तेवढं हिरवं, गुडघ्याएवढं. आम्ही भाताची माणसं. आमच्याकडे कापणीनंतर ओलीच्या जागी भाताच्या बुंध्याला फूट येते आणि गावातली सगळी गुरं त्यात मोकळी सोडतात. कुणी त्याबद्दल विचारसुद्धा करत नाही. कापलेल्या पिकाला जे फुटतं ते गुरांचं, एवढं आमच्या अंगात भिनलेलं आहे.

आई मामाच्या मुलीच्या हळदीला शहापूरला गेली. दोन दिवसांचा प्रश्न होता. "सहा मोजून ठेवलीत," ती मला बसमध्ये चढताना म्हणाली. "मेंढरंवाले चार-सहा दिवसांत येतील. बाटली आता नको, पाणी बघ फक्त." मी मान हलवली. खोडव्याचं सांगायला तोंड उघडलं होतं, पण कंडक्टरने बेल मारली.

संध्याकाळी काका ओटीवर येऊन बसले. कोकरं पेंढ्याकडे पाठ करून ओरडत होती.

"काय गो मॅडम, उपाशी ठेवतंस काय यांना? उद्या सकाळी खोडव्यात सोडतो. खाऊ दे पोटभर."

मी उठले. आत गेले, फोनवर आईला मेसेज लिहिला, पुसला, पुन्हा लिहिला, पुन्हा पुसला. तिथे हळदीत वीस बायकांच्या घोळक्यात ती तो मोठ्याने वाचणार, मग "हे कधी कळलं तुला?" विचारणार. त्यापेक्षा मला दुसरं सुचलं. खाचराला कुंपण होतं आणि त्याला फाटकासारखा बांबूचा झाप. मी जाऊन त्या झापाला सुंभाने एक, दोन, तीन, चार गाठी मारल्या. एकावर एक, ओल्या करून, घट्ट. मनात म्हटलं, काका आळस करतील, गाठ सुटत नाही म्हणून परत येतील. तोवर आई येईल.

सकाळी मी भांडी घासत होते. खाचराच्या बाजूने काकांचा आवाज आला. "ही काय गाठ मारलीय का बैलाची वेसण?" आणि लगेच कोयत्याचा एक ठोका. सुंभाची काही किंमत नसते, हे मला चार गाठी मारताना सुचलं नव्हतं.

मी राखेच्या हातांनी धावले. सहाही आत शिरली होती, माना खाली, खुडत होती. काका कोयता खांद्यावर टाकून खुशीत उभे होते. मी आत घुसून पहिलं हाताला लागलेलं कोकरू मागच्या पायांनी ओढलं.

"अगो, काय झालं? साप?"

"हो," मी म्हणाले.

इतकं सोपं होतं ते. एक अक्षर, आणि काका एकदम उडी मारून कामाला लागले. "हुर्र, हुर्र" करत त्यांनी स्वतःच कोकरं बाहेर काढली, झाप लावला आणि काठी घेऊन साप शोधायला परत आत गेले. पाच बाहेर. सहावं, काळ्या कानाचं, अगदी टोकाला विहिरीच्या कडेला होतं. त्याला मी उचलून आणलं तेव्हा त्याच्या तोंडात पानं होती. मी ती बोटांनी ओढून काढली.

काका उन्हात पंधराएक मिनिटं साप शोधत होते. मी झाडाखाली कोकरांसमोर बसून होते. पाच जण रवंथ करायला लागले. काळ्या कानाचं उभं राहून थरथरायला लागलं. त्याचे श्वास जोरात चालू झाले, पाय फाकले आणि ते कुशीवर पडलं. तोंडाला फेस.

काका काठी टाकून धावत आले. "चावला! बघ, चावलाच!" त्यांनी खिशातून फोन काढला. गुरांचे डॉक्टर शेजारच्या पाड्यावर एका गाईला बघायला आलेले होते, काकांना ते माहीत होतं. "डॉक्टर, लवकर या, कोकराला साप चावला. हो, आत्ताच. माझ्या पुतणीनं बघितला."

डॉक्टर दहा-बारा मिनिटांत मोटरसायकलवरून आले. ती दहा-बारा मिनिटं मी कोकराचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि मला दुसरं काही आठवत नाही. ते खाली बसले, कोकराचे पाय चाचपू लागले, केस मागे करून दाताची खूण शोधू लागले.

"कुठं चावला? कोणता होता? बघितला ना तुम्ही?"

काका माझ्याकडे बघत होते. डॉक्टरही माझ्याकडे बघत होते. बॅग उघडी होती. माझ्या एका अक्षरावरून ते आता कसलं तरी औषध भरणार होते, आणि ते चुकीचं असणार होतं.

"साप नव्हता," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "जोंधळा खाल्लाय त्याने. कापलेल्या जोंधळ्याचा फुटवा. कोवळा, पाणी नसलेला. त्यात विष असतं. अर्धा तास झाला नसेल अजून."

डॉक्टरांनी एकदा खाचराकडे बघितलं, कोकराचा ओठ वर करून हिरड्या बघितल्या, त्या लालबुंद होत्या, आणि बॅगेतली दुसरी बाटली काढली. शिरेतून इंजेक्शन दिलं. मग आम्ही तिघं गुडघ्यांवर बसून राहिलो. काकांनी आपल्या डोक्यावरचा पंचा काढून कोकरावर सावली धरली होती.

थोड्या वेळाने श्वास सावकाश झाला. कान हलला. तो काळा कान आधी हलला हे मी शपथेवर सांगेन. दुपारी ते मांडीवरून उठलं, दोन पावलं वाकडं चाललं, आणि माझ्या ओढणीचं टोक तोंडात घेतलं. मला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं. काका म्हणाले, "रडतंस कशाला, बरं झालं की!" आणि स्वतःच पंच्याने तोंड पुसलं.

"बरं झालं हिनं सांगितलं," डॉक्टर बॅग बंद करत म्हणाले. "मी सापावरच अडून बसलो असतो. आमच्याकडं ही केस येतच नाही. इथं जोंधळा पेरतो कोण?"

"मोबाइलवर वाचलं असंल तिनं," काका म्हणाले. "इंग्लिश शिकल्याचा फायदा."

मी "हो" म्हणाले नाही, "नाही" पण म्हणाले नाही.

पुढच्या दोन दिवसांत काकांनी ही गोष्ट सगळ्या गावाला सांगितली. त्यात साप मोठा होत गेला. "साप बोलली, साप! मी येडा पाऊण तास काठी आपटत होतो. पुतणीनं काकाला उन्हात नाचवलं." लोक हसायचे. मला पहिल्यांदाच त्या हसण्याचं काही वाटलं नाही. आई शहापूरहून आली, तिने सहा मोजली, काळ्या कानाच्याला दोनदा मोजलं. मला म्हणाली, "पोरी, तू होतीस म्हणून." मी तिची पिशवी उचलून आत निघून गेले. कारण तिला वाटत होतं की मला हे त्या सकाळीच कळलं.

मेंढपाळ चौथ्या दिवशी आले. घोडे, कुत्रे, कोंबड्या, पाठीवर मुलं, आणि मागे अख्खा रस्ता भरून मेंढ्या. आमच्या ओटीसमोर त्यांनी कळप थांबवला. त्या बायकोने आल्या आल्या सहा कोकरं बघितली आणि कपाळाला हात लावला.

"ही माझीच का गं? ही मेंढरं झालीत की!"

आई नुसती हसत होती. असं मी तिला फार कमी वेळा पाहिलं आहे. चहा झाला. तीन-तीन निवडायची वेळ आली तेव्हा मेंढपाळाच्या बायकोने आईला आधी निवडायला सांगितलं, आणि आईने काळ्या कानाचं आधी उचललं.

"ते तर मेलंच होतं," काका म्हणाले आणि सापाची गोष्ट पुन्हा सुरू झाली. कोयता, सुंभ, पाऊण तास काठी. जावा-जावा हसून लोळल्या. मग गोष्ट खोडव्यापर्यंत आली आणि मेंढपाळाची बायको हसता हसता थांबली.

"अगं बाई!" तिने जावेच्या हातावर मारलं. "मी सांगणार होते की यांना! निघताना सांगते म्हणलं होतं. तो घोडा उधळला नि माझ्या डोक्यातनं गेलंच. माझीच चूक, बाय. माझ्यामुळं तुझं कोकरू गेलं असतं."

"जाऊं दे गो," आई म्हणाली. "तुझी काय चूक? मला पण ठाव नव्हतं, भावजींना पण नव्हतं. कुणालाच ठाव नव्हतं."

"ह्या पोरीमुळं वाचलं," काका म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघत होते, आणि सगळे खूश होते. मेंढपाळाची बायको डोळे पुसत होती. आई तिच्या पाठीवर हात फिरवत होती, जी गोष्ट मला चार महिने ठाऊक होती तिच्याबद्दल. मी काहीच बोलले नसते तरी चाललं असतं. कोकरं सहाही उभी होती, चहा गोड होता, कळप घाटाकडे निघायला उतावळा झाला होता. अजून पाच मिनिटं गप्प बसले असते तर कुणालाच कधी कळलं नसतं. काळ्या कानाचं माझ्या पायाशी आलं आणि ओढणीकडे तोंड वर केलं. मी ओढणी त्याच्या तोंडातून सोडवली, आणि उभी राहिले.

"मावशी, तुमची चूक नाही. त्या दिवशी तुम्ही विहिरीवर बोललात, तेव्हा मी खोपटामागे होते, मी सगळं ऐकलं. आई, मला जानेवारीपासून माहीत होतं. काका, आदल्या संध्याकाळी तुम्ही उद्या सोडतो म्हणालात, तेव्हापण माहीत होतं, आणि मी सांगायचं सोडून झापाला चार गाठी मारल्या. आता सांगते, सगळ्यांनी ऐका. तो खोडवा अजून उभा आहे आणि झापाचा सुंभ तुटलेला आहे. तुमचा कळप इथून हलायच्या आधी कुणीतरी जाऊन तो झाप बांधा."